माचू पिक्चूची पायवाट

दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम कडेने उत्तर-दक्षिण पसरलेल्या अँडीज पर्वताच्या एका कुशीत, पेरू देशाच्या कुस्को विभागात, माचू पिक्चू ही इंका लोकांची ओसाड नगरी आहे. विषुववृत्ताच्या उत्तरेस आपले चेन्नई जितके दूर, जवळजवळ तितकीच ती दक्षिणेस आहे. अक्षांश उष्ण कटिबंधातला, परंतु समुद्रसपाटीपासूनची उंची २,४३० मीटर. त्यामुळे पहाटे गारठा, दुपारी चटचटीत ऊन आणि मध्येच ढग अंगावरून जाऊन सारे ओलेचिंब, असा तेथील नित्यक्रम. बहुसंख्य प्रवासी आगगाडीने दरीच्या तळाशी जातात, तेथून नागमोडी रस्त्याने बसमधून वर चढतात आणि दोन-तीन तासांत नगरी पाहून परततात. त्यात गैर काही नाही. परंतु या नगरीस जाण्याची तिची स्वतःची अशी एक वाट आहे. ती दगडांनी बांधलेली आहे, सुमारे पाचशे वर्षांपूर्वी इंकांनीच बांधलेली आहे, आणि तिचा शेवटचा टप्पा धडधाकट माणसास एका दिवसात पायी चालता येतो. बडोद्याचे आम्ही उभयता आणि आमची कन्या असे तिघांनी त्या वाटेने जाण्याचे ठरविले, तेव्हा तयारीसाठी हातात सहा महिने होते. ते पुरले, पण उरले मात्र नाहीत.

वाटेची तयारी करावयाची, तर ती वाट कोणी व कशासाठी बांधली हे आधी ठाऊक असावे. इंकांचे साम्राज्य दीर्घायुषी नव्हते. पंधराव्या शतकात पाचाकुती नावाच्या राजाने कुस्कोभोवतीच्या लहानशा राज्याचा विस्तार आरंभिला, आणि सुमारे शंभर वर्षांतच स्पॅनिश स्वारांनी ते बुडविले. १५३२ मध्ये पिझारोने आताहुआल्पा राजास काहामार्का येथे कैद केले आणि पुढच्याच वर्षी कुस्को त्याच्या हाती गेले. मात्र तेवढ्या अवधीत इंकांनी रस्त्यांचे जे जाळे विणले, त्याची लांबी सुमारे ३०,००० किलोमीटर भरते आणि आज ते सहा देशांत पसरलेले आहे. त्यांतील काही मार्ग त्यांच्या पूर्वीच्या लोकांचे होते. इंकांनी ते जोडून घेतले. केचुआ भाषेत या जाळ्यास ‘कापाक न्यान’ म्हणतात. २०१४ मध्ये युनेस्कोने त्यास जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. हे रस्ते बांधणाऱ्यांपाशी लोखंड नव्हते, घोडा नव्हता, ओझे वाहणारी गाडी नव्हती. थोडेफार ओझे लामा नावाचा उंटाच्या कुळातला प्राणी वाही, बाकीचे माणसे वाहत. राजाचे निरोप ‘चास्की’ नावाचे जासूद टप्प्याटप्प्याने धावत नेत, आणि हिशेब दोऱ्यांच्या गाठींत ठेवला जाई. चाकच नसल्यामुळे रस्त्याने वळणे घेत सावकाश चढण्याचे काही कारण नव्हते. जेथे डोंगर उभा आला, तेथे पायऱ्याही उभ्याच घातल्या. तयारी करणाराने ही एक गोष्ट मनाशी पक्की धरावी: नकाशावर जी रेघ दिसते, तो रस्ता नव्हे, जिना आहे.

आता हा जिना चढण्यास मिळावा म्हणून प्रथम कागदांचा डोंगर चढावा लागतो. माचू पिक्चूकडे जाणारी प्रसिद्ध वाट चार दिवसांची व सुमारे ४३ किलोमीटरांची आहे. तीवर दररोज ५०० माणसांनाच सोडतात, आणि या संख्येत वाटाडे, स्वयंपाकी व ओझेवालेही धरलेले असतात. दर फेब्रुवारीत, ऐन पावसाळ्यात, ती दुरुस्तीसाठी बंद असते. एका दिवसाची वाट हा तिचाच शेवटचा भाग. तिच्यासाठीही परवाना लागतो, परवान्यांची संख्या ठरलेली असते, आणि अधिकृत वाटाड्यावाचून कोणास पाऊल टाकता येत नाही. परवान्यावर नाव व पासपोर्टचा क्रमांक घातलेला असतो. तो दुसऱ्याच्या नावे करता येत नाही व पैसेही परत मिळत नाहीत. म्हणून पासपोर्टची मुदत संपत आली असेल, तर आधी तो नवा करून घ्यावा आणि मगच परवान्याकडे वळावे. वाटेवरील चौकीत छायाप्रत चालत नाही, मूळ पासपोर्टच दाखवावा लागतो.

महिना कोणता निवडावा? तेथील ऋतू आपल्या उलट. नोव्हेंबर ते मार्च हा पावसाचा काळ, मे ते सप्टेंबर कोरडा. आम्ही मे अखेरचा आठवडा घेतला. जूनमध्ये गर्दी वाढते. २४ जूनला कुस्कोत ‘इंती रायमी’ हा सूर्याचा उत्सव असतो आणि त्या सुमारास जागा मिळणे कठीण.

व्हिसाविषयी इतकेच सांगते, की भारतीयांस तो लागतो. परंतु २०१७ पासून अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा शेंगेन देशांचा पुरेशा मुदतीचा व्हिसा असणारांस त्यातून सूट मिळू लागली. निघण्यापूर्वी त्या वेळचा नियम दिल्लीच्या वकिलातीत विचारून घ्यावा हे उत्तम. त्याहून महत्त्वाची, आणि पुष्कळांच्या ध्यानी न येणारी गोष्ट म्हणजे पीतज्वराची लस. कुस्को आणि माचू पिक्चू येथे त्या रोगाचे भय मानीत नाहीत, त्यामुळे प्रवासी निश्चिंत असतो. परंतु पेरूच्या पूर्वेकडील अरण्यांत तो रोग आहे, आणि म्हणून भारत सरकारच्या यादीत संपूर्ण पेरू देश येतो. तेथून निघाल्यावर सहा दिवसांच्या आत भारतात उतरणाराजवळ लशीचा दाखला नसेल, तर त्यास विलग ठेवले जाऊ शकते. दाखला लस घेतल्यापासून दहा दिवसांनी ग्राह्य होतो आणि लस सरकारमान्य केंद्रांतच मिळते. साठी उलटलेल्यांना ती देण्यापूर्वी डॉक्टर विशेष विचार करतात, तेव्हा हे काम शेवटच्या आठवड्यावर ठेवू नये. आमच्या घरी पिवळी दाखलापुस्तके पासपोर्टालाच रबराने बांधून ठेवली होती.

कागद झाले, आता देह. बडोद्यासारख्या सपाट गावात राहणाराने डोंगराची सवय कोठे करावी? सुदैवाने पावागड जवळ आहे. डिसेंबरपासून दर रविवारी आम्ही तिघे पहाटे निघून पावागड चढू लागलो. माचीपासून वर रज्जुमार्ग आहे, त्याकडे पाठ फिरवावयाची असा नियम होता. “माचूसाठी माचीची तालीम,” असे आमचे यजमान म्हणत. उतरताना गुडघे अधिक दुखतात, आणि म्हणून उतरण्याचाही सराव पाहिजे, हे तेथेच कळले. मार्चनंतर ऊन वाढले तेव्हा आम्ही घरच्या इमारतीचा जिना धरला; पाठीवर चार-पाच किलोंचे ओझे घेऊन पाच मजले वर-खाली करू लागलो. शेजाऱ्यांनी आठ दिवस चौकशी केली, नंतर त्यांना सवय झाली.

पावागडच्या पायथ्याशी चांपानेरचे अवशेष आहेत. दर रविवारी ते पाहून मनात एक विचार येई. महमूद बेगड्याने १४८४ मध्ये पावागड जिंकून चांपानेरला राजधानी वसविली; १५३५ मध्ये हुमायूनने ती घेतली आणि पुढे ती ओस पडत गेली. माचू पिक्चू येथील हाडांच्या कालमापनावरून संशोधकांनी २०२१ मध्ये असे मांडले, की तेथील वस्ती सुमारे १४२० ते १५३० पर्यंत असावी. दोन्ही नगरे एकाच काळात नांदली व एकाच सुमारास निर्मनुष्य झाली. एकमेकांचे नावही त्यांना ठाऊक नव्हते. आमच्याकडील मशिदींचे कोरीव खांब आणि तिकडील बिनचुन्याच्या भिंती यांत साम्य काही नाही. पण ओसाड नगरीत पायी शिरण्याची सवय आम्हांस चांपानेरनेच लावली.

पायांचा सराव पावागड देऊ शकतो, विरळ हवेचा मात्र नाही. तो बडोद्यात कोठेच मिळत नाही. कुस्को शहर ३,४०० मीटर उंचीवर आहे. तेथे श्वासागणिक मिळणारा प्राणवायू समुद्रकाठच्या मानाने दोन-तृतीयांशच. डोके दुखणे, मळमळ, झोप न लागणे, भूक मरणे या विकारास तेथे ‘सोरोचे’ म्हणतात. तो तरुणास होतो, वृद्धास होतो, पहिलवानासही होतो. कोणास होईल ते आधी सांगता येत नाही. यजमानांस रक्तदाबाचा विकार असल्यामुळे आम्ही आमच्या डॉक्टरांस सारा बेत सांगितला. त्यांनी हृदयाची तपासणी करविली आणि उंचीवर घ्यावयाच्या गोळ्या लिहून दिल्या. त्या सल्फाच्या वर्गातल्या औषधांस जवळच्या असतात, तेव्हा तशी औषधे न सोसणाराने त्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. शेवटी त्यांनी एक अट घातली: “उंचीवर दोन रात्री काढल्यावरही डोके दुखत असेल, किंवा बसल्या जागी धाप लागत असेल, तर चढावयाचे नाही. आणि हे आज ठरवा, तेथे जाऊन नव्हे.” आम्ही ठरविले. कन्येने ते एका कागदावर लिहून तिघांच्या सह्या घेतल्या. तेव्हा तो विनोद वाटला होता.

सामानाची यादी लहान असावी. भिजून आतून वाळलेले, म्हणजे आधी निदान दोन महिने वापरलेले बूट. नवे कोरे बूट घालून निघणे म्हणजे फोडांस आमंत्रण. पातळ कपडे दोन-तीन थरांत, कारण पहाटेचा स्वेटर नऊ वाजता पाठपिशवीत जातो. पावसाळी अंगरखा कोरड्या महिन्यांतही हवा. रुंद काठाची टोपी, उन्हाचे मलम, आणि लांब बाह्यांचा सदरा. दरीत इवल्या इवल्या चावऱ्या माशा असतात, त्यांचा दंश आठवडाभर खाजतो. काठी नेता येते, पण तिच्या टोकास रबराची टोपी असली पाहिजे. उघड्या धातूच्या टोकाने पुरातन पायऱ्या झिजतात म्हणून मनाई आहे. एकदा वापरून फेकावयाच्या प्लास्टिकच्या बाटल्यांसही मज्जाव आहे. नगरीत ४० सेंटिमीटरांहून मोठी पिशवी नेता येत नाही, आणि आत खाण्यासही परवानगी नाही. प्रसाधनगृह नगरीच्या दाराबाहेर आहे. ही माहिती क्षुल्लक वाटेल, परंतु तीन मैत्रिणींनी परतल्यावर मला प्रथम हेच विचारले.

वाटेत खाण्यासाठी मी घरून राजगिऱ्याच्या वड्या नेल्या होत्या. कुस्कोच्या बाजारात पाहते तो तशाच वड्या तेथेही! तिकडे त्या धान्यास ‘किविचा’ म्हणतात. आपल्या राजगिऱ्याचे ते सख्खे भावंड, आणि राजगिऱ्याचे कूळच मुळी अमेरिका खंडातले. मग आमच्या ध्यानी आले, की आपल्या उपासाच्या ताटातला बटाटा, रताळे, शेंगदाणा, हिरवी मिरची, शिवाय साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंद, यांतील एकही वस्तू पाचशे वर्षांपूर्वी हिंदुस्थानात नव्हती. सारी अमेरिकेतून आली. बटाट्याचे तर अँडीज हे माहेरच. एकादशीला आपण किती दूरच्या शेतकऱ्यांचे अन्न खातो! एका बाबतीत मात्र बाजारात हात आवरावा लागतो. कोकाच्या पानांचा चहा तेथे घरोघर देतात, तेथे तो कायदेशीर आहे आणि उंचीवर बरे वाटावे म्हणून लोक तो घेतात. पण ती पाने किंवा चहाच्या पुड्या आठवण म्हणून पिशवीत टाकू नयेत. आपल्या १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्याने कोकाचे पान निषिद्ध आहे.

लिमा समुद्राकाठी आहे. तेथून विमान तासा-दीड तासात कुस्कोला उतरविते. तेथेच राहण्याऐवजी आम्ही विमानतळावरून थेट मोटारीने खाली ओयांतायतांबो या गावी गेलो. ते २,७९० मीटरवर, म्हणजे कुस्कोहून सहाशे मीटर खाली आहे. गावाच्या गल्ल्या इंकांच्या वेळच्याच आहेत. गल्लीच्या कडेने दगडी पाटातून पाणी खळाळत असते. पहिल्या दिवशी आम्ही काही म्हणजे काही केले नाही. चाललो तेही विठोबाच्या दर्शनाच्या रांगेत चालावे तसे. दुसऱ्या दिवशी मंदिराच्या पायऱ्यांपाशी गेलो. तिसऱ्या दिवशी कुस्को पाहिले: इंकांच्या सूर्यमंदिराच्या घोटीव भिंतींवर उभारलेले सांतो दोमिंगोचे मठमंदिर, आणि शहराच्या डोक्यावर साक्सायवामान येथील अजस्र शिळांचे तट. त्या भिंतींत चुना नाही, तरी दोन दगडांमध्ये पोस्टकार्ड शिरत नाही. यजमान पाटबंधारे खात्यात अभियंता होते. ते प्रत्येक सांध्यावरून बोट फिरवीत उन्हात तासभर उभे राहिले.

त्याच रात्री त्यांचे डोके दुखू लागले. गोळी घेतली, गरम पाणी घेतले, झोप काही लागली नाही. पहाटे साडेतीनला उठलो तेव्हा दुखणे कमी होते, पण होते. वाटाड्या कुस्कोचाच, केचुआ मातृभाषा असलेला मनुष्य; त्यास सारे सांगितले. तो म्हणाला, आजच्या वाटेवरचा सर्वांत उंच माथा या गावाहूनही थोडा खालीच आहे, त्यामुळे केवळ उंचीचे भय नाही. परंतु नदीवरचा पूल ओलांडल्यावर मोटार नाही, घोडा नाही. मागे किंवा पुढे, स्वतःच्याच पायांनी. कन्या काही बोलली नाही. यजमानांनीच पाकिटातून तो सह्यांचा कागद काढला, उलगडून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, “यात माझीही सही आहे.”

मी म्हणाले, “मग मीही थांबते.”

“तुझ्या सहीखाली तसे कोठे लिहिले आहे?”

सुदैव असे, की आगगाडी सर्वांची एकच. ती उरुबांबा नदीच्या काठाने उतरत उतरत आग्वास कालिएंतेस या दरीतल्या गावापर्यंत जाते, आणि वाटेत ‘किलोमीटर १०४’ या ठिकाणी चालणारांपुरती थांबते. तेथे स्थानक नाही, फलाट नाही. कुस्कोपासून मोजलेल्या लोहमार्गावरचा एक आकडा तेवढा आहे. गाडी थांबली, आम्ही दोघी वाटाड्यामागून खडीवर उतरलो. यजमानांनी खिडकीतून वड्यांचा डबा खाली दिला, “पाणी पीत राहा” असे सांगितले, आणि गाडी वळणाआड गेली. रुळांवर इतके सामसूम झाले, की नदीचा आवाज अचानक वाढल्यासारखा वाटला.

झुलत्या पुलापलीकडे चौकी आहे. पासपोर्ट, परवाना, चेहरा यांची जुळणी झाली. तिसरा परवाना अधिकाऱ्याने परत दिला. तेथून काही पावलांवरच चाचाबांबा येथील अवशेष लागतात. रानात दडलेले ते एक लहान देवस्थान. त्यातील दगडी पाण्याच्या मार्गांवरून आणि स्नानकुंडांवरून दिसते की नगरीस जाणारे येथे शुचिर्भूत होत असावेत. आपल्याकडेही नाही का, आधी तीर्थ, मग देव?

तेथून जी चढण लागते, ती सुमारे तीन तास संपत नाही. नदीकाठची उंची सुमारे २,१०० मीटर. दुपारपर्यंत त्यावर सहाशे मीटर चढावयाचे. डोंगराची बाजू उघडी, झाड क्वचित, आणि आठ वाजल्यापासून सूर्य पाठीवर. वाटाड्याची चाल इतकी संथ, की पहिल्या अर्ध्या तासात कन्येस कंटाळा आला. दुसऱ्या तासात तिच्या ध्यानी आले, की आमच्यानंतर धावत निघालेली एक तरुण मंडळी पहिल्या विसाव्याच्या छपरीखाली आडवी झाली आहे आणि आम्ही अजून बोलत चाललो आहोत. बोलणे तुटले, की वाटाड्या आपण होऊन थांबे. फूल दाखवी, डोंगराचे नाव सांगे. त्याचे फूल दाखविणे म्हणजे आम्हांस श्वास देणे होते, हे मला बऱ्याच वेळाने उमगले. खाली नदी सुतासारखी झाली. तिच्या काठाने एक आगगाडी मुंगळ्यासारखी जात होती; यजमान केव्हाच पोहोचले असतील असा हिशेब मी केला आणि पाणी प्याले.

एका धबधब्याजवळून वाट आत वळते, आणि समोर डोंगराच्या अंतर्वक्र कुशीत पायऱ्यापायऱ्यांची शेते एकावर एक रचलेली दिसतात. ही विन्याय वायना. पॉल फेयोश याच्या १९४०-४१ मधील मोहिमेने ही जागा प्रकाशात आणली. नावाचा अर्थ ‘सदातरुण’. या भागात फुलणाऱ्या एका ऑर्किडचे ते नाव. वरची घरे आणि खालची घरे यांच्यामध्ये एक लांब जिना आहे आणि त्या जिन्यालगत एकाखाली एक दगडी कुंडे. वरच्या कुंडातले पाणी खालच्यात, त्यातले आणखी खाली, अशी रचना. माझे स्वतःचे मत विचाराल, तर माचू पिक्चूहूनही ही जागा मनात अधिक राहते. तिकडे हजारो माणसे असतात. येथे आम्ही दोघी, वाटाड्या आणि दोन लामा. बसने जाणारांस ही जागा दिसतच नाही. येथे यजमान हवे होते. उतरत्या कुंडांचा उतार त्यांनी डोळ्यांनीच मोजला असता.

पुढची वाट रानातून जाते. ढगांनी पोसलेले हे रान; फांद्यांवर शेवाळ, शेवाळावर ऑर्किड, मध्येच कळकाची बेटे. चढउतार सौम्य, सावली दाट. पावागडने घोटलेले गुडघे येथे कृतज्ञ झाले. आणि मग, सारे संपले असे वाटू लागते तेव्हा, समोर जवळजवळ उभा असा दगडी जिना येतो. पायऱ्या इतक्या अरुंद की पाऊल आडवे ठेवावे लागते, आणि इतक्या उंच की हातांचाही आधार घ्यावा लागतो. कन्या पुढे, वाटाड्या माझ्या मागे. वर पोहोचून थोडे चालले, की दगडी खांबांची एक चौकट लागते. हीच इंती पुंकू, सूर्याची वेस, २,७०० मीटरांहून थोडी उंच. तिच्या उंबऱ्यावरून पलीकडे पाहिले आणि आधी काहीच दिसले नाही. सारा पांढरा ढग. वाटाड्याने आम्हांस खुशाल बसविले. दहा मिनिटांनी ढगास एक भोक पडले, त्यातून एक डोंगराचे टोक, मग एक हिरवे मैदान, मग भिंतींची राखी रांग. कन्या “आई, ते बघ” म्हणेपर्यंत ती पुन्हा झाकली गेली. असे दोन-तीन वेळा झाले आणि शेवटी सारी नगरी उन्हात आली.

१९११ च्या जुलैमध्ये हायरम बिंगहॅम या अमेरिकन प्राध्यापकाने ही नगरी जगापुढे आणली. तिचा ‘शोध’ त्याने लावला असे म्हणणे मात्र अतिशयोक्तीचे होईल. आगुस्तिन लिसारागा नावाच्या स्थानिकाने १९०२ मध्येच तेथील भिंतीवर आपले नाव लिहून ठेवले होते, आणि बिंगहॅम पोहोचला तेव्हा तेथील जुन्या शेतांवर शेतकरी कुटुंबे पीक घेत होती. आम्ही फरसबंद वाटेने तासाभरात खाली पोहोचलो, तेव्हा चार वाजत आले होते व गर्दी ओसरली होती. शेवटच्या बसगाड्यांची वेळ झाली असल्यामुळे त्या दिवशी नगरीच्या कडेनेच चालून बाहेर पडलो. आत शिरण्याची तिकिटे दुसऱ्या सकाळची काढून ठेवली होती.

आग्वास कालिएंतेस या नावाचा अर्थ ‘गरम पाणी’. तेथे उन्हाळी आहेत आणि गाव अवघ्या २,०४० मीटरवर आहे. बस थांबते तेथे यजमान उभे होते. केस ओले, चेहरा टवटवीत. खाली उतरताच डोके हलके झाले, दुपारी उन्हाळ्यांत बसलो, बटाट्याचे सार प्यालो, असे त्यांनी सांगितले. आमचे बूट पाहून मात्र काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “पायऱ्या किती?” कन्येने मोजल्या नव्हत्या. अभियंत्याच्या मुलीने मोजावयास हव्या होत्या, असा शेरा तिला मिळाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघे बसने वर गेलो. आम्ही दोघी वरच्या धारेवरील ती खाच दाखवून ‘तीच वेस, तेथून आम्ही उतरलो’ असे सांगत होतो. यजमानांनी मान वर करून पाहिले, बराच वेळ पाहिले. एवढ्यात वाटाड्याने सांगितले, की या नगरीच्या बांधकामाचा निम्म्याहून अधिक भाग जमिनीखाली आहे असा अभ्यासकांचा अंदाज आहे: प्रत्येक शेताच्या पायरीखाली आधी मोठे दगड, त्यांवर खडी, मग वाळू आणि सर्वांत वर माती, म्हणजे वर्षाकाठी सुमारे दोन मीटर पडणारा पाऊस मुरून निघून जावा आणि डोंगर घसरू नये. ते ऐकताच यजमान खाली वाकले. भिंतीच्या पायथ्याशी दगडात कोरलेले पाणी निघण्याचे एक भोक होते. पहाटेच्या दवाचे चार थेंब त्यातून गळत होते. त्यांनी चष्मा पुसला, खिशातून वही काढली आणि भोकाची रुंदी विचारण्यासाठी वाटाड्यास हाक मारली.